मुलांच्या रंगपेटीशेजारी

आषाढ लागला की परभणीच्या मोंढ्यातील गजबज ओसरते. कापसाचा हंगाम संपलेला असतो, पेरण्या उरकत आलेल्या असतात आणि नवे सोयाबीन बाजारात यायला अजून पुष्कळ अवकाश असतो. चातुर्मासाची स्थापना होते, प्रवचने सुरू होतात आणि एरवी दुकानात अडकून पडणारी माणसे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला वेळेवर घरी पोहोचू लागतात. पावसामुळे मुलांना बाहेर खेळता येत नाही. मग दप्तराच्या तळाशी पडलेली चपटी रंगपेटी बाहेर निघते. त्यातील बारा वड्यांपैकी निम्म्या एकमेकींत मिसळून मातकट झालेल्या असतात आणि सोबतच्या ब्रशचे केस विस्कटलेले असतात. मूल जमिनीवर पालथे पडून रंगविण्यात गुंग होते आणि शेजारी बसलेल्या आईचा किंवा वडिलांचाही हात नकळत शिवशिवतो.

या आई-वडिलांपैकी अनेकांच्या कपाटात शासकीय रेखाकला परीक्षेचे, म्हणजे एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटचे, प्रमाणपत्र आजही जपून ठेवलेले असते. शाळेत असताना स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र असे सगळे प्रकार त्यांनी हाताळलेले असतात. पुढे दहावी, वाणिज्य शाखा, दुकान, विवाह, मुले या क्रमात ती पेटी मिटली ती मिटलीच. आज पुन्हा कुंचला हाती घ्यावा असे वाटले तरी दोन प्रश्न आडवे येतात. पहिला प्रश्न वेळेचा: दोन लहान मुले सांभाळताना हे जमायचे कसे? दुसरा प्रश्न व्यापारी घराला साजेसा, म्हणजे उपयोगाचा: यातून मिळणार काय?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याजोगी आहेत. कारण लहान मुलांच्या सहवासात प्रौढाने जलरंग शिकायला घेणे हा केवळ विरंगुळा राहत नाही, घराच्या वळणावरही त्याचा परिणाम होतो.

उशिरा सुरुवात करणारे दोघे

कोलकात्याच्या जोडासांको येथील ठाकूर घराण्यात १८७५ साली सुनयनी देवी यांचा जन्म झाला. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे दोन ख्यातनाम चित्रकार त्यांचे सख्खे थोरले भाऊ होते. भावांची चित्रे घडताना त्यांनी जवळून पाहिली, पण स्वतःला चित्रकलेचे रीतसर शिक्षण कधी मिळाले नाही. बालवयातच विवाह झाला, संसार वाढला आणि वयाच्या तिशीत, घर आणि मुलेबाळे यांचा व्याप चालू असताना, त्यांनी रंगविण्यास आरंभ केला. घरातील कामकाजावर लक्ष ठेवीत, तक्तपोसावर बसून त्या चित्रे काढीत. आधी बाह्यरेषा, मग पातळ जलरंगांचे थर अशी त्यांची पद्धत होती. राधा-कृष्ण, गौळणी, घरातील स्त्रिया हे त्यांचे विषय होते आणि बंगालच्या लोकचित्रांचा साधेपणा त्यांच्या रेषेत उतरला होता. १९२२ साली कोलकात्यात जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलासंस्थेच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले, त्यात भारतीय चित्रकारांबरोबर सुनयनी देवींचीही चित्रे होती. स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या विदुषीने त्यांच्या कलेवर लेखन केले.

त्यांच्या घरी नोकरचाकर होते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. आजच्या मध्यमवर्गीय घरातील आईला ती सोय नसते. तरीही चित्र काढण्यासाठी त्या घर सोडून कोठे गेल्या नाहीत, रोजच्या व्यवहाराच्या मध्यभागी बसूनच त्यांनी काम केले, हा भाग कोणत्याही घराला लागू पडतो.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या प्रकृतीच्या माणसाचे आहे. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सची मोहीम फसली आणि मे १९१५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना ब्रिटनच्या नौदलमंत्रिपदावरून दूर व्हावे लागले. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते, घरात तीन लहान मुले होती आणि मन पूर्णपणे खचलेले होते. त्या उन्हाळ्यात सरे परगण्यातील एका भाड्याच्या शेतघरात त्यांची भावजय ग्वेंडोलिन जलरंगात चित्र काढीत बसलेली त्यांनी पाहिली. तिने आपल्या लहान मुलाची रंगपेटी त्यांच्या हाती दिली. पुढे ते तैलरंगांकडे वळले आणि आयुष्यभर चित्रे काढीत राहिले. छंद म्हणून केलेल्या चित्रकलेवर त्यांनी लिहिलेले छोटेसे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. राजकारणी म्हणून त्यांच्याविषयी भारतीयांचे मत काहीही असो, अपयशाच्या काळात हातात आलेली ती मुलाची रंगपेटी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या परंपरेतील धडा

मुले आणि कला यांची सांगड जैन परंपरेला नवी नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना स्वतः शिकवितात, असे वर्णन आहे. ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांना जवळ बसवून त्यांनी एकीला लिपी आणि दुसरीला अंकविद्या शिकविली. पुत्रांपैकी अनंतविजय याला चित्रकलेची विद्या दिली. कल्पसूत्रातही ऋषभदेवांनी पुरुषांच्या बहात्तर आणि स्त्रियांच्या चौसष्ट कला सांगितल्याचा उल्लेख आहे. गृहस्थाश्रमात असलेला पिता मुलांना शेजारी बसवून कला शिकवितो, ही प्रतिमा आपल्या पुराणांच्या अगदी आरंभाला आहे.

पुढील काळात याच परंपरेने चित्रकलेला मोठा आश्रय दिला. वेरूळच्या इंद्रसभेत छतावर रंगकामाचे अवशेष आजही दिसतात. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या, आधी ताडपत्रावर आणि नंतर कागदावर, चित्रकारांनी पाण्यात कालविलेल्या रंगांनीच रंगविल्या. त्यांचा खर्च बहुतांशी व्यापारी श्रावक-श्राविकांनी शास्त्रदान म्हणून उचलला होता. म्हणजे चित्रकलेवर खर्च करणे व्यापारी जैन कुटुंबाला परके नाही. हाताने रंगविण्याची सवय मात्र मधल्या काळात सुटली आहे.

जलरंगाचा स्वभाव

आरंभ करणाऱ्याने जलरंगाचा स्वभाव आधी समजून घ्यावा, म्हणजे निराशा कमी होते. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि त्याला कागदाशी बांधून ठेवणारा बाभूळवर्गीय झाडाचा डिंक. या मिश्रणात पाणी घातले की ते पसरते, पाणी उडून गेले की रंग कागदावर राहतो. तैलरंगात किंवा पोस्टर रंगात पांढरा रंग वेगळा लावता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावीत नाहीत. जेथे उजेड हवा, तेथे कागद तसाच कोरा सोडतात. फिकट थर आधी आणि गडद थर नंतर, हा क्रम म्हणूनच पाळावा लागतो. कागदावरील पांढरी जागा एकदा गेली की सहसा परत मिळत नाही.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले, हातात दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीत जन्मलेले मराठी चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले असून ते जलरंगात आहे. दीप धरून उभी राहिलेली व्यक्ती त्यांची स्वतःची कन्या गीता होती. बोटांच्या फटींतून पाझरणारा तो उजेड कोठून आला, याचे उत्तर जलरंगाच्या याच स्वभावात आहे. तेथे रंग पातळ आहे आणि खालचा कागद बोलतो आहे.

कागदाविषयी परभणीच्या वाचकांना एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. जलरंगासाठी उत्तम समजला जाणारा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून शुद्ध कापसाचा असतो. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू, किंवा सुती कापडाच्या चिंध्या, यांपासून तो बनतो. सुती तंतू पाणी शोषून घेतात, फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होतात, म्हणून असा कागद वारंवार भिजविला तरी टिकतो. सेलू-मानवतच्या बाजारात ज्या मालाचे सौदे होतात, त्याचेच एक रूप चित्रकाराच्या फळीवर पोहोचते. अर्थात हा कागद महाग पडतो. आरंभी प्रति चौरस मीटर तीनशे ग्रॅम वजनाचा साधा जलरंगाचा कागद पुरेसा आहे. शाळेच्या पातळ चित्रकला-वहीवर मात्र सराव करू नये. तो कागद पाणी पडताच सुरकुततो आणि शिकणाऱ्याला वाटते की दोष आपल्या हाताचा आहे.

अठ्ठेचाळीस मिनिटे

वेळेच्या प्रश्नाचे उत्तर जैन घरातच तयार आहे. सामायिकाचा काल दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. अनेक घरांत त्यासाठी वाळूचे घड्याळ असते आणि ते उलटे केले की आजी-आजोबांना हाक मारायची नाही, हे तीन वर्षांच्या नातवालाही ठाऊक असते. चित्रकला म्हणजे सामायिक नव्हे आणि तिची तुलना सामायिकाशी करण्याचेही कारण नाही. परंतु ठरलेल्या वेळेचा मान राखण्याची जी सवय घराला लागलेली आहे, तिचा आधार घेता येतो. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण तेवढाच काळ, ही सुरुवात पुरे आहे. दुपारी मूल झोपलेले असताना, किंवा रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी हा वेळ काढता येतो.

येथे घरातील इतरांचे कर्तव्यही स्पष्ट सांगितले पाहिजे. आईने रंग घेऊन बसायचे आणि दर पाच मिनिटांनी दाराची घंटा, दूधवाला आणि मुलांचे भांडण तिनेच पाहायचे, असे असेल तर ती दोन आठवड्यांत पेटी मिटवून टाकील. एकत्र कुटुंबात सासूबाईंनी किंवा दिरांनी, आणि स्वतंत्र घरात पतीने, तेवढा वेळ मुलांकडे पाहावे. वडील शिकत असतील तर हाच न्याय आईने त्यांना द्यावा. घरातील एका माणसाचा अर्धा-पाऊण तास राखणे हे फार मोठे दान नाही, पण ते नियमाने द्यावे लागते.

मुले जागी असतील तर त्यांना दूर सारण्याऐवजी शेजारी बसवावे. त्यासाठी काही साधे नियम उपयोगी पडतात. मुलाचा कागद वेगळा, ब्रश वेगळा आणि रंग वेगळे असावेत. पाण्यासाठी पिण्याचा पेला कधीही वापरू नये, कारण मूल रंगाचे पाणी सहज तोंडाला लावते. बसक्या, जड वाट्या घ्याव्यात, त्या लवंडत नाहीत. मोठ्यांसाठीच्या काही रंगांत कॅडमियम किंवा कोबाल्ट असते. असे रंग लहान मुलांच्या घरी आणूच नयेत, विषारी नसल्याची खूण पाहूनच खरेदी करावी. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठात धरण्याची सवय मोठ्यांनीही लावून घेऊ नये. मुले पाहून लगेच उचलतात.

मुलाच्या चित्रात हात घालू नये, हा सर्वांत अवघड नियम आहे. शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक देवीप्रसाद १९४४ ते १९६२ या काळात वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे गांधीजींच्या नयी तालीम शाळेत मुलांना कला शिकवीत होते. त्या अनुभवावर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिला. कला हा शिक्षणाचा पायाच आहे आणि मुलाची अभिव्यक्ती त्याच्या स्वतःच्या वाढीतून यावी, मोठ्यांचे नमुने त्याच्यावर लादू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. मुलाने गाय निळी रंगविली तर ती निळीच राहू द्यावी. त्या वेळी आई-वडिलांनी स्वतःच्या कागदाकडे पाहावे. तेथे दुरुस्त करण्यासारखे पुष्कळ असते.

रंगपेटीतील अहिंसा

जैन कुटुंबाने खरेदी करताना आणखी एक विचार अवश्य करावा. बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन आहे की नाही हे आपण वाचतो, पण चित्रकलेच्या साहित्याकडे तशा नजरेने सहसा पाहिले जात नाही. वास्तविक त्यात प्राणिज पदार्थ बरेच असतात.

सर्वांत आधी ब्रश पाहावा. जलरंगाचे नामांकित ब्रश कोलिन्स्की नावाच्या, दिसायला मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात, काही खारीच्या केसांचे असतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश पूर्वी सर्रास विकले जात. मुंगूस हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी असून अशा ब्रशांचा व्यापार हा गुन्हा आहे. आज नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश चांगल्या दर्जाचे मिळतात आणि आरंभ करणाऱ्याला त्यांत काहीही उणे पडत नाही.

कागद पाणी एकदम पिऊन टाकू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. काही उंची कागदांत ही खळ जिलेटिनची असते, काहींत ती प्राणिज नसते. रंगांत ओलावा टिकावा म्हणून काही परदेशी कंपन्या मध घालतात. रंग नीट पसरावा म्हणून वापरले जाणारे ‘ऑक्स गॉल’ हे बैलाचे पित्त होय. ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा रंग हाडे जाळून करतात, अस्सल ‘कार्माइन’ हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून मिळतो आणि अस्सल ‘सेपिया’ एका समुद्री जीवाच्या शाईपासून. यांतील बहुतेकांना आज वनस्पतिज, खनिज किंवा रासायनिक पर्याय आहेत. वेष्टनावर खुलासा नसेल तर कंपनीला विचारावे.

रंगांच्या इतिहासात हिंसेची एक कथा आपल्याच देशातील आहे. ‘इंडियन यलो’ नावाचा सुंदर पिवळा रंग एकेकाळी युरोपात भारतातून जात असे. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधील मुंगेरजवळ जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले की तेथे गाईंना केवळ आंब्याची पाने आणि पाणी देऊन त्यांच्या मूत्रापासून हा रंग तयार करतात आणि त्या गाई अगदी कृश दिसतात. पुढे हा धंदा बंद पडला. आज त्या नावाने मिळणारा रंग कृत्रिम आहे. रंग कोठून आला हे विचारण्याची सवय मुलांना लावायची असेल, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

यतना वापरण्याच्या बाबतीतही हवी. पाणी गाळलेले घ्यावे आणि बेताचे घ्यावे. पावसाळ्यात ओली पेटी तशीच मिटली तर वड्यांवर बुरशी येते, आणि बुरशी म्हणजे जैन विचाराने अनंतकाय जीवांची उत्पत्ती. काम संपल्यावर पेटी उघडी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्यावी, मगच मिटावी. उरलेले रंगीत पाणी झाडांच्या कुंडीत किंवा किडा-मुंगी असलेल्या जागी न ओतता कोरड्या, निर्जीव जागी यतनेने टाकावे. वाट्या झाकल्याशिवाय रात्रभर ठेवू नयेत. मुले हे सारे पाहतात आणि न सांगता शिकतात.

पहिले चार महिने

साहित्य थोडेच घ्यावे. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे आणि एक मातकट तपकिरी एवढे रंग, एक मोठा व एक मध्यम गोल ब्रश, दोन वाट्या, पॅलेट म्हणून जुनी पांढरी बशी आणि एक सुती फडके पुरे. मराठी वाचकाला मार्गदर्शनाची वाण नाही. पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांची जलरंगाविषयीची पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. मुळीक यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे, हे ऐकून वाणिज्य पदवीधरांनाही धीर यावा.

पहिल्या महिन्यात चित्र काढूच नये. एकाच रंगाचा सपाट थर, मग वरून खाली फिका होत जाणारा थर, मग ओल्या कागदावर रंग सोडणे आणि शेवटी कोरड्या ब्रशाचा खरखरीत फटकारा, एवढेच करावे. मुलांना यांतील तिसरा प्रकार फार आवडतो. ओल्या कागदावर निळा थेंब पसरताना पाहण्यात त्यांचे तासच्या तास जातात.

हवामानाचाही विचार करावा लागतो. परभणीच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या हवेत ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत आधीचा रंग वाळून कडा उमटते आणि नवशिका हिरमुसतो. पावसाळ्यात हवेत ओलावा असल्याने थर सावकाश वाळतो आणि हाताला विचार करण्यास सवड मिळते. व्यापारातील निवांतपणा आणि हवेतील ओलावा हे दोन्ही चातुर्मासातच एकत्र येतात. आरंभ करण्यासाठी हा काळ म्हणूनच योग्य आहे.

दुसऱ्या महिन्यापासून घरातील वस्तू घ्याव्यात: एक लिंबू, दोन मिरच्या, पितळी तांब्या. त्यानंतर बाहेर पडावे. जिंतूरजवळच्या नेमगिरीला दर्शनासाठी सहकुटुंब जाणे होतेच. दर्शन झाल्यावर पायथ्याशी अर्धा तास बसून टेकडीची फक्त बाह्यरेषा आणि आकाश एवढेच रंगवावे. गंगाखेडला गोदावरीचा काठ आहे, येलदरीला धरणाचे पाणी आहे. काहीच जमले नाही तर गावाबाहेर पडताच काळी जमीन आहे. तिच्यासाठी काळा रंग विकत घेण्याची गरज नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजलेल्या मातीचा तपकिरी रंग एकत्र केले की जो करडा-काळा तयार होतो, त्यातील निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि नांगरलेल्या रानाचा पोत आपोआप उतरतो. कार्तिकात बोंडे फुटली की त्याच रानाचे दुसरे चित्र करता येते. तेव्हा पांढरा कापूस रंगवायचा नसतो. त्याच्या भोवतीची पाने आणि माती रंगवायची आणि कापूस कोरा सोडायचा.

चुकीची नोंद

आता उपयोगाचा प्रश्न राहतो. व्यापारी घरातील मूल आई-वडिलांना बहुधा जाणकाराच्या भूमिकेतच पाहते. वडिलांना भाव ठाऊक असतात, आईला प्रत्येक वस्तूची जागा ठाऊक असते. गृहपाठ चुकला तर दोघेही तो ओळखतात. चूक म्हणजे तोटा, हा हिशेब मुलाच्या मनात फार लवकर बसतो. मग वहीचे पान फाडणे, खोडरबराने कागद झिजविणे, आणि हळूहळू जे येत नाही त्याला हातच न लावणे सुरू होते. आपले वडील एखादी गोष्ट अजिबात येत नसताना, ती वाईट जमत असताना, पुन्हा करीत आहेत, हे दृश्य त्याने कधी पाहिलेलेच नसते.

जलरंग हे दृश्य घरात आणतो. त्यात खोडता येत नाही. रंग पसरला की पसरला. व्यापाऱ्याला ही रीत वास्तविक परिचयाची आहे. पक्क्या वहीत खाडाखोड करीत नाहीत. नोंद चुकली तर ती तशीच ठेवतात आणि उलट नोंद करून हिशेब बरोबर करतात. चूक झाली ती तारखेसह दिसते आणि ती सुधारली तेही दिसते. आरंभ करणाऱ्याने आपली चित्रवहीही अशीच ठेवावी. प्रत्येक पानावर तारीख घालावी, कोणतेही पान फाडू नये. आभाळ डागाळले तर मुलासमोर मोकळेपणी म्हणावे, “पाणी जास्त झाले, उद्या पुन्हा करू.” हे वाक्य मुलाला उपदेश म्हणून सांगितले तर ते ऐकणार नाही. वडिलांच्या तोंडून वडिलांच्याच चित्राबद्दल ऐकले, तर ते त्याच्या मनात राहील.

लेश्यांचे चित्र पुष्कळ मंदिरांत असते. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले पुरुष उभे असतात. एकाला झाडच मुळासकट उपटायचे असते, दुसऱ्याला बुंधा तोडायचा असतो, कोणाला फांदी हवी, कोणाला डहाळी, कोणाला केवळ फळे. सहावा मात्र खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या सहा भावांचे ते चित्र. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत आई-वडील आणि मुलांनी मिळून हे झाड एका मोठ्या कागदावर काढून पाहावे. सहाव्या माणसाला कोणता रंग द्यायचा, असा प्रश्न मूल निश्चित विचारील. शुक्ल म्हणजे पांढरा, आणि पेटीत पांढरा वापरायचा नाही. मग त्याची जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागेल, हे त्याला स्वतःच्या हाताने कळेल.

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवानंतर नव्या वह्यांचे पूजन होईल आणि मोंढ्यात कापसाच्या गाड्या पुन्हा येऊ लागतील. तोवर नियमाने बसलेल्या घरात चित्रवहीची तीस-चाळीस पाने भरलेली असतील. त्यांतील बरीचशी बिघडलेली असतील, दोन-चार बरी असतील. एखाद्या पानाच्या कोपऱ्यावर मुलाच्या निळ्या बोटाचा ठसाही असेल. ती वही जपून ठेवावी. मुले मोठी झाल्यावर ती उघडतील, तेव्हा आपले आई-वडील एके काळी आपल्याबरोबर जमिनीवर बसून शिकत होते, हे त्यांना तारखेनिशी पाहता येईल.